वरची दाढ काढली म्हणून नजर जात नाही

वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, हे नागपुरात महालापासून सक्करदऱ्यापर्यंत कोणतीही आजी सांगेल. तसं होत नाही. वरच्या दातांची संवेदना मेंदूच्या पाचव्या चेतातंतूची शाखा वाहते. दृष्टीचा चेतातंतू दुसरा, अगदी वेगळा. (चाळिशीपुढे दाढाही किडतात नि चष्माही लागतो, तिथूनच ही जोडी जमली असावी.) उलट पू झालेली वरची दाढ तशीच ठेवली, तर क्वचित संसर्गच डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढतो.

दाढ काढताना सुईची धास्ती असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. हिरडीवर बधिर करणारं जेल लावता येतं. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शननंतर दाब जाणवतो, कळ सहसा नाही. ‘हात वर केला की थांबा’ असं ठरवून घ्या. एवढ्यावर वैतागणारा डॉक्टर खुशाल बदला. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) परिसरात शासकीय दंत महाविद्यालयही आहेच.