भर उन्हात हीटरची तक्रार

मे महिन्यातलं नागपूर, बाहेर ४५ अंश. अशात डिझेल गाडीचा चेक लाइट पेटतो आणि स्कॅनरवर कोड येतो पी-२०-बी-९, म्हणजे युरियाच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. या उन्हात हीटर हवाय कुणाला?

हवाय तो लडाखमधल्या गोठवणाऱ्या द्रासला. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ हे कडक निकष लागू झाले आणि अनेक डिझेल गाड्यांना इंधनाच्या टाकीशिवाय युरियाची वेगळी टाकी आली. हे द्रावण गरम धुरात फवारलं की त्याचा अमोनिया होतो आणि तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत करतो. पंपावर डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणून मिळणाऱ्या या द्रावणात युरिया ३२.५ टक्के, बाकी शुद्ध पाणी. हे प्रमाण मुद्दाम निवडलेलं आहे. याच मिश्रणाचा गोठणबिंदू सगळ्यात खाली, उणे ११ अंशांवर येतो. युरिया कमी करा नाहीतर वाढवा, ते आधीच गोठू लागतं. हिमालयातल्या हिवाळ्यात मात्र उणे ११ सुद्धा पुरत नाही, म्हणून टाकीत आणि नळीला हीटर.

पण गाडीचा कॉम्प्युटर थंडीची वाट बघत बसत नाही. अनेक गाड्यांत तो हीटरची वायर बाराही महिने तपासतो. सर्किट तुटलं की तक्रार. म्हणजे हा कोड ‘हीटर जळाला’ असं म्हणत नाही, ‘विजेची वाट बिघडली’ एवढंच म्हणतो. हा फरक न कळल्यामुळे कित्येकदा टाकीतलं आख्खं महागडं मॉड्यूल बदललं जातं.

आधी फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) बघायचे, मग टाकीजवळचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवायचा. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी मीठ फुटतं तशी पांढरी पूड दिसली, तर चोर बहुधा तिथेच आहे. युरियाचं पाणी बारीक फटीतून सरकत जातं, वाळून त्याचे स्फटिक होतात आणि तांबं खातं. पूड कोमट पाण्यात विरघळते. हिरवी पडलेली पिन मात्र बदलावीच लागते.

मग मल्टीमीटर. समजा हीटरचा रोध २ ओहम आहे. १२ व्होल्टला ६ अँपिअर, म्हणजे ७२ वॅट. (खरा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.) मीटरवर ‘ओएल’ आलं, म्हणजे वीज वाहायला वाटच नाही, तर हीटर खरोखरच तुटलाय. बऱ्याच हीटरचा रोध तापल्यावर वाढतो, त्यामुळे हायवेवरून आलेल्या गाडीचं लगेच मोजमाप घेऊ नये.

वायर तपासताना नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नका. वायरीतल्या बारीक तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर खुशाल १२ दाखवतो. स्कॅनरवरून हीटर चालू करायला सांगून कपलरला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडायचा. तो मिणमिणला, तर दोष वायरिंगमध्ये.

आणि हो, स्कॅनरवर टाकीचं तापमानही बघा. नागपुरात मे महिन्यात तिथे उणे ४० दिसलं, तर सेन्सरची वायर तुटली आहे हे सांगायला मीटर लागत नाही.