मांजराच्या पिल्लाची जात व रंग

पहिल्यांदाच मांजर पाळणारा बहुधा पिल्लाच्या रंगावरून त्याची जात ठरवू पाहतो. हे होत नाही. रंग अंगावर दिसतो, जात मात्र कागदावर असते. आईबापांची वंशावळ नोंदलेली असेल तरच पिल्लाला पर्शियन किंवा सयामी म्हणता येते. ती नसेल तर ते देशी, मग केस कितीही लांब असोत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ‘डॉल फेस’, ‘पंच फेस’ अशी वर्गवारी ऐकू येते. ती नाकाच्या चपटेपणाची आहे, वंशाची नव्हे.

मांजरांच्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांतल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 साली चित्रकार हॅरिसन वेअर यांनी मांजरांचे प्रदर्शन भरवले, तेव्हापासून जातींच्या नियमावल्या बनू लागल्या. ‘बॉम्बे’ ही चकचकीत काळी जात तर अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बर्मीज आणि अमेरिकन शॉर्टहेअर यांच्या संकरातून तयार केलेली. त्यामुळे मुंबईच्या चाळीत जन्मलेले काळे पिल्लू काही ‘बॉम्बे’ ठरत नाही.

रंगाचे शास्त्र जातीपेक्षा कितीतरी रंजक आहे. मांजराच्या केसांत रंगद्रव्ये दोनच, काळे आणि पिवळे-तांबूस. काळे फिके पडले की राखी, तांबूस फिके पडले की मलईसारखा रंग. पांढरा हा वेगळा रंग नसून रंगद्रव्याचा अभाव असतो. पिल्लाचे केस फुंकर घालून बाजूला सारावेत. एकेका केसावर फिके-गडद पट्टे दिसले आणि कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण असली, तर ते पट्टेरी म्हणजे ‘टॅबी’. पिवळ्या मांजरावर तर पट्टे असतातच, पुसट का होईनात.

पिवळा रंग देणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. नराला एक्स एकच, म्हणून तो या जनुकापुरता पिवळा किंवा काळा. मादीला दोन, म्हणून तिच्या अंगावर दोन्ही रंग येऊ शकतात. गर्भावस्थेत मादीच्या प्रत्येक पेशीतला एक एक्स निष्क्रिय होतो, हे जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडले. कुठे कोणता बंद पडेल हे नशिबावर, आणि त्यातूनच काळे-पिवळे ठिगळ तयार होते. म्हणून तीनरंगी (काळे, पिवळे, पांढरे) पिल्लू जवळपास नेहमी भाटीच निघते. तीनरंगी बोका क्वचित, आणि बहुधा वांझ. पिवळ्यांत मात्र बोके जास्त. अमेरिकेत 2001 साली ‘सीसी’ या मांजरीचे क्लोनिंग झाले. तिची मूळ मांजर तीनरंगी होती, पण सीसीच्या अंगावर पिवळा रंग उतरलाच नाही. पिवळा रंग देणाऱ्या जनुकातला नेमका बदल संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केला: एक्स गुणसूत्राचा सुमारे 5 हजार डीएनए-अक्षरांचा तुकडा तिथे गहाळ असतो.

वय लहान असताना निदानाची घाई करू नये. सगळ्या पिल्लांचे डोळे आधी निळेच असतात. खरा रंग सहा-सात आठवड्यांनंतर दिसू लागतो. काळ्या पिल्लावरचे पुसट पट्टे पुढे नाहीसे होतात. आईला गाभण असताना ताप आला असेल तर पिल्ले रुपेरी छटेची जन्मतात आणि काही महिन्यांत मूळ रंगावर येतात. सयामी पिल्लू जन्मतः जवळजवळ पांढरे असते. त्याचे रंग बनवणारे विकर (एन्झाइम) थंडाव्यातच नीट काम करते, म्हणून नाक, कान, पंजे आणि शेपूट मागाहून गडद होतात. पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या पिल्लाची श्रवणशक्ती मात्र तपासून घ्यावी, कारण त्यांच्यात बहिरेपणाचे प्रमाण अधिक आहे.

पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या वेळी फडात सापडणारी ठिपकेदार पिल्ले ‘बंगाल’ या ठिपकेदार पाळीव जातीची समजून घरी आणू नयेत. ती वाघाटीची (छोट्या जंगली मांजराची) किंवा रानमांजराची असू शकतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार ती पाळणे गुन्हा आहे. पिल्ले न हलवता वनविभागाला कळवावे. आई जवळपासच असण्याची शक्यता मोठी असते.