फॉस्फेट काढून घेणारी प्रथिनं

कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. एलिगन्स नावाचे जंत पाळलेले आहेत. जेमतेम एक मिलिमीटर लांब, आरपार दिसणारे, ई. कोलाय जिवाणूंवर पोसलेले. तिथे त्यांच्या चेतापेशींवर काम चालतं. मला मात्र त्यांच्या अंड्याबद्दल लिहायचंय. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं अंडं, पण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की पेशी दुभंगताना डोळ्यांदेखत दिसते.

पहिली विभागणीच असमान. पुढची पेशी एबी मोठी, मागची पी१ लहान. पुढे एबी ही पी१च्या साधारण दोन मिनिटं आधी दुभंगते. दर अंड्यात हेच. १९८३ मध्ये जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी भ्रूणातल्या पेशींची अख्खी वंशावळ मांडली. पण हे वेळापत्रक सांभाळतं कोण?

याचं श्रेय बहुतेक वेळा किनेझ घेऊन जातात. ही प्रथिनांवर फॉस्फेट हा छोटा रासायनिक गट चढवून त्यांचं काम बदलणारी विकरं (एन्झाइम्स). चढवलेलं फॉस्फेट उतरवतात ते फॉस्फटेझ, आणि त्यांच्याकडे बरीच वर्षं झाडलोट करणारे म्हणूनच पाहिलं गेलं. हा अन्याय आहे. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर या जीवरसायनशास्त्रज्ञांना १९९२ चं नोबेल मिळालं तेही फॉस्फेट चढतं आणि उतरतंही, या शोधासाठी.

यातला महत्त्वाचा फॉस्फटेझ म्हणजे पीपी२ए. त्याचे तीन भाग: एक सांगाडा, एक प्रत्यक्ष फॉस्फेट तोडणारा आणि तिसरा, कुठे जायचं ते ठरवणारा. लोकलचा रेक तोच असतो, इंडिकेटरवर बोरिवली लागलं की बोरिवलीला जातो, विरार लागलं की विरारला; तसं हे. तिसरा भाग बदलला की काम बदलतं.

आता मेक्स-५ या प्रथिनाची गंमत बघा. अंड्याच्या मागच्या भागात पार-१ नावाचा किनेझ जास्त असतो. तो मेक्स-५ वर फॉस्फेट चढवतो आणि ते सुटून भराभर पसरू लागतं. पीपी२ए मात्र सगळीकडे सारखाच, फॉस्फेट उतरवत बसलेला. फॉस्फेट उतरलेलं मेक्स-५ मंदावतं. त्यामुळे मागून सुटलेलं पुढे येऊन रेंगाळतं आणि पुढच्या टोकाला साठत जातं. कुठेही भिंत नाही, पडदा नाही, तरी एकाच पेशीत पुढे दाट, मागे विरळ! नुसता पार-१ असता तर हे जमलं नसतं. पुढे साठलेलं मेक्स-५ पीएलके-१ या, विभागणीला चालना देणाऱ्या किनेझलाही तिकडेच धरून ठेवतं. एबी आधी दुभंगते, त्यामागचं हे एक मोठं कारण.

पीपी२ए बंद पाडणारं विष निसर्गातच आहे: ओकाडाइक आम्ल. समुद्रातल्या काही सूक्ष्म जीवांकडून ते शिंपल्यांत साठतं, शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्याला जुलाब होतात. (तिसऱ्यांवर ताव मारणाऱ्यांनी लगेच घाबरू नये, प्रत्येक शिंपल्यात ते नसतं.) पण जंताच्या अंड्याचं आवरण बाहेरची रसायनं सहसा आत घेत नाही. मग संशोधक दुसरी वाट धरतात. हव्या त्या जनुकाचा दुपदरी आरएनए बनवणारे जिवाणू आईला खाऊ घालायचे. तिच्या अंड्यांत ते जनुक गप्प होतं.

अशा रीतीने आरएसए-१ हा पीपी२एचा एक तिसरा भाग काढून घेतला, तेव्हा गुणसूत्रं ओढणाऱ्या तर्कूची सूक्ष्मनलिकांची बांधणी कमी पडली आणि विभागणीच्या ऐन वेळी तर्कू कोसळला. किनेझ तर एकही काढलेला नव्हता.