थिगळ नेमकं कुठे लावायचं?

सोलापूरच्या पूर्व भागात जॅकार्डच्या मागावर चादर विणताना वर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. छिद्र असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. छिद्र चुकीचं पडलं तर अख्खी माळ फेकायची गरज नाही, वर कागद चिकटवून ते बुजवता येतं. सुरुवातीच्या संगणकांचे प्रोग्रॅमही असेच छिद्रांच्या पट्टीवर असत. १९४४ च्या हार्वर्ड मार्क-१ च्या पट्टीवर हे चिकटवलेले तुकडे दिसतात. सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला आजही ‘पॅच’, म्हणजे थिगळ, म्हणतात ते यावरूनच.

उदाहरणाला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा, कर्नल घेऊ. कर्नल म्हणजे तिचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क कोणाला कधी द्यायची ते तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये दिलेला पहिला लिनक्स कर्नल दहाएक हजार ओळींचा होता, आज त्या तीन कोटींच्या पुढे गेल्यात. उतरवून घेताना मात्र सव्वाशे-दीडशे एमबीची एकच फाईल येते. ‘टार’ने हजारो फायलींचं गाठोडं बांधलेलं, ‘एक्सझेड’ने ते दाबलेलं. सोडलं की एक जीबीहून जास्त जागा व्यापतं. टार म्हणजे टेप आर्काइव्ह. टेपा गेल्या, नाव राहिलं.

पुढे दुरुस्ती आली की पुन्हा सगळं गाठोडं कशाला आणायचं? फक्त फरकाची फाईल घ्यायची. वजा खुणेची ओळ काढा, अधिक खुणेची घाला. हे काम करणारा ‘पॅच’ प्रोग्रॅम लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिला. त्यातली खरी हुशारी मला पत्त्यात दिसते. ओळीचा क्रमांक दिलेला असतो, पण प्रोग्रॅम त्यावर विसंबत नाही. बदलाच्या वरच्या आणि खालच्या तीन-तीन ओळीही सोबत येतात. आपल्या पेठांत घर क्रमांकाने कोण शोधतं? ‘पिठाच्या गिरणीसमोर, सायकलच्या दुकानाला लागून’ म्हटलं की माणूस पोचतो. तसंच मजकूर वीस ओळी खाली सरकला तरी शेजार पाहून जागा सापडते. शेजारची एखादी ओळ बदललेली असली तरी तो चालवून घेतो. मात्र हुबेहूब तसाच शेजार दुसरीकडेही असेल, तर थिगळ निमूटपणे भलतीकडे बसू शकतं. म्हणून आधी ‘ड्राय रन’ करावा. त्यात फाईल बदलत नाही, काय होईल ते नुसतं कळतं.

एका ठिकाणी नवखे हमखास फसतात. कर्नलच्या ६.६.५ या आवृत्तीचा पॅच आधीच्या ६.६.४ वर नव्हे, मूळ ६.६ वर बसतो. म्हणजे आधी ६.६.४ चा पॅच उलटा चालवून उसवायचा, मग नवा लावायचा.

आणि शेजारच ओळखू आला नाही, तर न बसलेला तुकडा ‘.rej’ (रिजेक्ट, म्हणजे नाकारलेला) असं शेपूट असलेल्या फाईलीत बाजूला पडतो. तो मग डोळ्यांनी जागा शोधून हातानेच शिवावा लागतो.