लग्नाचा बँड की जॅझ?

इवो पापाझोव्हचं क्लॅरिनेट पहिल्यांदा ऐकणारा हमखास ‘हे तर जॅझ’ म्हणून मोकळा होतो. वेग भन्नाट, जोडीला सॅक्सोफोन, अकॉर्डियन, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स. पण हे आहे ‘स्वातबार्स्का मुझिका’, बल्गेरियातल्या लग्नांत तासन्‌तास वाजणारं संगीत. पापाझोव्हने १९७४ मध्ये ‘त्राकिया’ हा ताफा उभा केला, तो वऱ्हाड नाचवायला. त्याच देशातला, प्लोव्हदिवचा पियानोवादक मिल्चो लेव्हिएव्ह मात्र जॅझवाला. तोही लोकसंगीताच्याच सुरावटी घ्यायचा, म्हणून गल्लत होते.

तालावरून ओळखायला जाल तर फसाल. रुचेनित्सा हा नाच सात मात्रांचा, २+२+३. मॅसेडोनियातलं लेस्नोतो ३+२+२, म्हणजे आपल्या रूपकाचीच विभागणी. कोपानित्सा अकराची. असल्या विषम मात्रा जॅझवाल्यांनीही उचलल्या. लेव्हिएव्ह १९७१ मध्ये डॉन एलिसच्या अमेरिकी ऑर्केस्ट्रात गेला आणि त्याच वर्षी त्यांच्या अल्बमवर ‘बल्गेरियन बल्ज’ आलं, एक आवर्तन ३३ मात्रांचं! (एलिसला आकड्यांची धास्ती नव्हती, तो भारतीय ताल सतारवादक हरिहर राव यांच्याकडे शिकला होता.)

खरा फरक कळतो तो एकट्याचं वादन सुरू झाल्यावर. लग्नात आधी नाचाची धून सगळे मिळून वाजवतात, मग एकेक जण पुढे येतो. खाली साथ बहुतेक वेळ एकदोन कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर) घुटमळत राहते आणि वादक त्याच स्वरांभोवती फिरत रंग चढवतो. जॅझमध्ये सहसा अख्ख्या धुनेची कॉर्डची साखळी पुन्हा पुन्हा फिरते; प्रत्येक वळणाला सूर बदलून दाखवणं ही तिथली परीक्षा. अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचं १९५९ चं ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ ऐका. सुरुवातीचा ठेका इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून घेतलेला, नऊ मात्रांचा, २+२+२+३. सॅक्सोफोनची पाळी आली की मात्र गाडी सरळ चार मात्रांवर आणि ब्लूजवर. वरातीत असं केलं असतं, तर हात धरून नाचणारी रांग एकमेकांच्या पायांवर पडली असती.

आता, पापाझोव्हच्या तानांत जॅझचं पाणी मुरलेलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो तुर्की-रोमा (जिप्सी) घरातला. १९८० च्या दशकात कम्युनिस्ट सरकारला संगीतातलं हे तुर्की-रोमा वळण खुपत होतं आणि त्याला तुरुंगातही जावं लागलं. ज्या वाजवण्यासाठी इतकं सोसलं, त्याला जॅझची बल्गेरियन नक्कल म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

दोन्हीकडे सहज वावरणारा न्यूयॉर्कचा मॅट डॅरियो. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, कावल ही काठाने फुंकायची तिरकी धरलेली बासरी, आणि गायदा हा बॅगपाइप, सगळं वाजवतो. त्याच्या ‘पॅराडॉक्स ट्रिओ’त माणसं चार! यातलं गायदा नीट पाहण्यासारखं आहे. बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीला फुंकायच्या नळीखेरीज दोन नळ्या: एक धून वाजवायची, दुसरी लांब, तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून बसणारी. धुनेच्या नळीवर एक इवलंसं भोक असतं; ते उघडलं की बहुतेक सूर साधारण अर्ध्या स्वराने चढतात, त्यामुळे छोट्या वाद्यातूनही कोमल-तीव्र निघतात. पण खालचा सूर काही हलत नाही. कॉर्ड बदलायला गेलात की तो खटकणारच. सॅक्सोफोनला असलं बंधन नाही, म्हणून डॅरियोला दोन्ही वाद्यं लागतात.