सुतार, राम वनजी

(१९ फेब्रुवारी १९२५ – १७ डिसेंबर २०२५). सार्वजनिक जागांतील स्मारकशिल्पांसाठी प्रसिद्ध असलेले भारतीय शिल्पकार. गुजरातेत केवडिया येथे नर्मदेच्या पात्रात उभा असलेला सरदार वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा, संसद भवनाच्या आवारातील ध्यानस्थ महात्मा गांधी आणि गांधीसागर धरणावरची चंबळदेवी ही त्यांची तीन प्रमुख कामे. तिन्ही कामे सरकारने सांगितलेली आहेत आणि सुतारांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे लागते. चित्रकार किंवा शिल्पकाराची कारकीर्द सहसा त्याच्या प्रदर्शनांवरून मांडली जाते. सुतारांची कारकीर्द मात्र मागणी कोणी केली, नमुना कोणी मंजूर केला आणि पुतळा कोणत्या चौकात उभा राहिला, या क्रमानेच वाचावी लागते.

त्यांचा जन्म धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे झाला. वडील वनजी हंसराज गावात सुतारकाम करीत. परिस्थिती बेताची होती. मुलाच्या हातातली कला पहिल्यांदा हेरली ती शिक्षक श्रीराम कृष्ण जोशी यांनी. सुतार त्यांना आयुष्यभर गुरू मानत. जोशींच्याच प्रोत्साहनाने ते मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि १९५३ मध्ये शिल्पकलेसाठीचे मेयो पदक त्यांनी मिळवले.

जे. जे. मधून बाहेर पडणाऱ्या मराठी शिल्पकारापुढे तोवर दोन वाटा मळलेल्या होत्या. पहिली प्रदर्शनाची. गणपतराव म्हात्रे विद्यार्थी असतानाच १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ने नावारूपाला आले ते बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनातून. दुसरी वाट स्मारकाची. विनायक पांडुरंग करमरकरांचे नाव घरोघर पोचले ते पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ मध्ये अनावरण झालेल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे. सुतारांनी दुसरी वाट धरली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. मात्र त्यासाठी ते मुंबईत थांबले नाहीत. त्यांच्या पिढीतले सदाशिव साठे यांनी गेटवे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवाजी (१९६१) घडवला, त्या सुमारास सुतार दिल्लीत आपले बस्तान बसवत होते.

मधली काही वर्षे त्यांनी पुरातत्त्व खात्यात काढली. १९५४ ते १९५८ या काळात अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतील भग्न शिल्पांची दुरुस्ती हे त्यांचे काम होते. चरित्रलेखात हा काळ एका ओळीत उरकला जातो, तो तसा उरकण्याजोगा नाही. जे. जे. मध्ये शिकवली जाणारी शिल्पकला पाश्चात्त्य वास्तववादी वळणाची होती. त्यात समोर नमुना बसवायचा, मापे घ्यायची आणि मातीत हुबेहूब उतरवायचे. वेरूळला याच्या उलट होते. तिथे डोंगर आधी आहे, आकार नंतर येतो आणि तो वरून खाली कोरत जावा लागतो. अवाढव्य दगडी आकृती खालून पाहणाऱ्याला कशी दिसते, डोळे किती उघडे ठेवावे लागतात, ओठांची रेघ किती खोल न्यावी लागते, हे त्या चार वर्षांत त्यांच्या हाताखालून गेले असणार. पुढे शेकडो फुटांचे पुतळे करणाऱ्या माणसाला याहून चांगली शाळा मिळाली नसती.

त्यानंतर केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयातली नोकरी त्यांनी अल्पकाळ केली. १९५९ मध्ये ती सोडून ते स्वतंत्र व्यवसाय करू लागले. पगारी नोकरी टाकून पुतळ्यांवर घर चालवायचे, तेही दिल्लीत, हा निर्णय त्या काळात धाडसाचाच होता.

चंबळदेवी. गांधीसागर धरणाचे उद्घाटन १९६० मध्ये झाले. मध्य प्रदेश आणि राजस्थान या दोन राज्यांनी मिळून हा प्रकल्प उभा केला होता. तिथल्या स्मारकासाठी सुतारांनी चंबळ नदीला आई कल्पिले आणि दोन राज्यांना तिची दोन मुले. शिल्प ४५ फूट उंच आहे आणि ते काँक्रीटच्या अखंड ठोकळ्यातून छिन्नीने कोरून काढले आहे. काँक्रीट साच्यात ओतून आकार देणे ही रूढ रीत, कोरणे ही नव्हे. खडी-सिमेंटमध्ये दगडासारखा एकसारखा कण नसतो. छिन्नी कुठे खडीवर आपटते, कुठे मऊ लागते. तरीही देवीचा चेहरा शांत आणि भरीव उतरला आहे. कोणाच्या छायाचित्राशी ताडून पाहायचे नसल्यामुळे शिल्पकाराच्या कल्पनेला इथे जी मोकळीक मिळाली, ती त्यांच्या नंतरच्या कामांत क्वचितच दिसते. त्यांचे सर्वोत्तम काम म्हणून प्रस्तुत लेखक याच शिल्पाकडे बोट दाखवील.

हे काम पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या पसंतीस उतरले. भाक्रा धरण बांधणाऱ्या कामगारांचे ५० फुटी ब्राँझ स्मारक करण्याचे त्यांनी सुतारांना सुचवले. निधीअभावी ते उभे राहिले नाही. पुढाऱ्यांच्या पुतळ्यांना पैसा मिळत गेला आणि कामगारांचा पुतळा नमुन्यापुढे सरकला नाही, ही नोंद एकट्या सुतारांच्या नव्हे, देशाच्या पुतळ्यांच्या इतिहासात करावी लागेल.

गांधी. सुतारांनी सर्वाधिक वेळा घडवलेली व्यक्ती म्हणजे महात्मा गांधी. त्यांनी केलेला गांधींचा अर्धपुतळा भारत सरकारने अनेक देशांना भेट दिला, त्यामुळे परदेशी शहरांतल्या बागांमधून दिसणारे गांधी बऱ्याचदा सुतारांचे असतात. पाटण्याच्या गांधी मैदानावर दोन मुलांना जवळ घेऊन उभे असलेले गांधीही (२०१३) त्यांचेच.

या मालिकेतले सर्वांत महत्त्वाचे शिल्प संसद भवनाच्या आवारात आहे. मांडी घालून, डोळे मिटून बसलेले १६ फुटी ब्राँझचे गांधी. अनावरण २ ऑक्टोबर १९९३ रोजी झाले. धोतर आणि उपरणे यांच्या चुण्या मोजक्या ठेवल्या आहेत, अंग उघडे, मान किंचित झुकलेली. मूर्ती खाली बसलेली असल्यामुळे वजन तळाशी एकवटते आणि दुरून त्रिकोणी आकार दिसतो. बुद्धमूर्तींची ओळखीची घडण इथे चष्मा नसलेल्या गांधींना दिली आहे आणि तरीही माणूस ओळखू येतो. सभागृहातून बाहेर पडलेले खासदार फलक घेऊन याच पुतळ्यासमोर निदर्शने करीत आले, म्हणून कोट्यवधी लोकांनी हे शिल्प बातम्यांत वारंवार पाहिले. शिल्पकाराचे नाव मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. जून २०२४ मध्ये तो पुतळा आवारातल्याच ‘प्रेरणा स्थळ’ नावाच्या जागी हलवण्यात आला. त्या वेळी विरोधी पक्षांनी घेतलेला आक्षेप जागेविषयी होता.

कामाची रीत. व्यक्तिशिल्पाची सुरुवात छायाचित्रांपासून होई. हयात नसलेल्या माणसाची सगळ्या बाजूंनी घेतलेली छायाचित्रे मिळत नाहीत. कानामागचा भाग, मानेची जाडी, चालताना खांदा कसा पडतो, हे सारे शिल्पकाराला जुळवावे लागते. मग लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर मातीचा छोटा नमुना केला जातो. समिती, नातेवाईक, अधिकारी तो पाहतात, बदल सुचवतात. सुतारांच्या कार्यशाळेत हे नित्याचे होते. मंजुरीनंतर मोठी मातीची प्रतिकृती, तिच्यावरून प्लास्टरचा साचा आणि त्यातून पुढे ब्राँझचे ओतकाम. मोठा पुतळा तुकड्यांनी ओततात, जागेवर वेल्डिंगने जोडतात, सांधे घासून नाहीसे करतात आणि शेवटी रसायनांनी रंगछटा देतात. दिल्लीतून नोएडाला गेल्यावर सुतारांनी साहिबाबादला स्वतःची ओतशाळा चालवली. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले त्यांचे पुत्र अनिल सुतार यांनी मोजमापे, बांधणी आणि ठेकेदारांशी व्यवहार ही बाजू सांभाळली. या सोबतीशिवाय नंतरची प्रचंड कामे झाली नसती.

स्टॅच्यू ऑफ युनिटी. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनावरण झालेला पटेलांचा पुतळा सरदार सरोवर धरणासमोर, साधू बेटावर उभा आहे. त्याआधी जगात सर्वांत उंच असलेली चीनमधील स्प्रिंग टेंपल बुद्धमूर्ती १२८ मीटरची आहे. १८२ हा आकडा गुजरात विधानसभेच्या जागांचा. बांधकाम लार्सन अँड टुब्रोने केले आणि कंत्राटाची रक्कम २,९८९ कोटी रुपये होती.

शिल्पकाराच्या दृष्टीने खरी अडचण पायाशी होती. उंच मूर्ती सहसा पायघोळ वस्त्रात किंवा बैठकीवर दाखवतात, म्हणजे तळ रुंद होतो. पटेल धोतर नेसत, चपला घालीत आणि सुतारांना त्यांना चालत्या पवित्र्यात दाखवायचे होते. त्यामुळे आकृती खाली निमुळती झाली आणि दोन पायांत मोकळी फट राहिली. त्या फटीतून येणारा वारा आणि भूकंप दोन्ही सोसायचे होते. अभियंत्यांनी पायांतून काँक्रीटचे दोन गाभे वर नेले, त्यांभोवती पोलादी चौकट बांधली, डोलणे शमवण्यासाठी प्रत्येकी २५० टनांची दोन वजने आत टांगली आणि बाहेरून ब्राँझचे पत्रे चढवले. या ब्राँझमध्ये ८५ टक्के तांबे आणि बाकी कथील, शिसे, जस्त प्रत्येकी ५ टक्के आहे. सुतारांच्या कार्यशाळेत लहानापासून ३० फुटांपर्यंत टप्प्याटप्प्याने प्रतिकृती झाल्या. त्यांचे संगणकाने मोजमाप घेऊन ती आकृती मोठी केली गेली. इतक्या मोठ्या पत्र्यांचे ओतकाम देशात होईना म्हणून ते चीनमधल्या ओतशाळेत झाले, यावर बरीच राजकीय टीका झाली.

चंबळदेवीच्या अंगावर सुतारांची छिन्नी स्वतः फिरली होती. इथे शिल्पकाराचा हात ३० फुटांवर थांबतो आणि पुढचे काम यंत्रे, अभियंते व दुसऱ्या देशातले ओतारी करतात. तरी जवळून पाहिल्यास चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, पापण्यांची जाडी, खांद्यावरच्या शालीचा सैलपणा यांत मातीत केलेले काम टिकून राहिलेले दिसते.

यानंतर मागण्यांचा ओघच लागला. बेंगळुरू विमानतळावरचे १०८ फुटी केंपेगौडा (२०२२), हैदराबादचे १२५ फुटी डॉ. बाबासाहेब आंबेडकर (२०२३), अयोध्येच्या लता मंगेशकर चौकातली ४० फुटी, १४ टन वजनाची वीणा (२०२२). कुरुक्षेत्राच्या ब्रह्मसरोवरावरचा कृष्णार्जुनांचा रथ त्याआधीचा. घोड्यांच्या माना आणि लगामांचा ताण यांसाठी तो आवर्जून पाहावा.

महाराष्ट्र. जन्मभूमीने त्यांना मोठे काम उशिरा दिले. अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले. त्यासाठी सुतारांनी केलेला अश्वारूढ नमुना त्यांच्या हयातीत पुतळा होऊ शकला नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा (तो दुसऱ्या शिल्पकाराचा होता) ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. नवा पुतळा घडवण्याचे काम सुतारांकडे आले आणि मे २०२५ मध्ये तो उभा राहिला. शिल्पकार तेव्हा शंभरीत होते.

मूल्यमापन. कलासमीक्षकांनी सुतारांकडे फारसे लक्ष दिले नाही, याची कारणे आहेत. स्वातंत्र्यानंतर भारतीय शिल्पकला अमूर्ताकडे, नव्या माध्यमांकडे वळली. सुतार वास्तववादावर ठाम राहिले आणि त्यात बदल करण्याची गरज त्यांना वाटली नाही. पुतळ्यांची मागणी करणाऱ्यांना साम्य हवे असते, शैली नको असते. त्यामुळे त्यांच्या कित्येक उभ्या पुढाऱ्यांत कारागिरी चोख असली, तरी ठसा एकाच घडणीचा दिसतो. उंचीच्या चढाओढीचा दोष शिल्पकारावर टाकता येणार नाही, पण त्या चढाओढीचे ते सर्वांत मोठे लाभार्थी होते हेही खरे. दुसऱ्या बाजूला, गर्दीत उभ्या असलेल्या सामान्य माणसाला खालून वर पाहताना चेहरा ओळखू आला पाहिजे, ही अट त्यांच्याइतकी सातत्याने दुसऱ्या कोणी पाळलेली नाही. या कामाला प्रदर्शनाच्या दालनातली मोजपट्टी लावणे योग्य नाही.

त्यांना पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६), सांस्कृतिक सद्भावनेसाठीचा २०१६ चा टागोर पुरस्कार आणि २०२४ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. महाराष्ट्र भूषण नोव्हेंबर २०२५ मध्ये नोएडा येथील घरी जाऊन देण्यात आला. पुढच्याच महिन्यात तिथेच त्यांचे निधन झाले. मुंबईच्या इंदू मिल येथील डॉ. आंबेडकरांच्या ३५० फुटी पुतळ्याचे काम त्या वेळी सुरू होते.