जॉइंट खातं, दुसरं लग्न आणि वारसाहक्क: मागची गोष्ट

नवरा गेला, जॉइंट खात्यातले पैसे दुसऱ्या बायकोने काढले आणि पहिलीची मुलं कोर्टात गेली. हिंदू कुटुंबांतल्या या भांडणाचं उत्तर १९२८ पासून तयार आहे. एका गृहस्थाने स्वतःच्या व पत्नीच्या नावे, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो पैसे काढेल) अटीवर ठेव ठेवली होती. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाने, ‘गुरान दित्ता’ खटल्यात सांगितलं, एवढ्यावरून ती पत्नीला बक्षीस ठरत नाही. इंग्लंडमध्ये कोर्ट ते बक्षीसच गृहीत धरायचं. इथे घरच्यांचं नाव नुसतं लावून ठेवायची रीत जुनीच, म्हणून ते गृहीतक चाललं नाही. बँकेने हयात खातेदाराला पैसे दिले की बँक मोकळी होते, वारसांचा हिस्सा तसाच राहतो. नॉमिनीची सोय १९८३ च्या दुरुस्तीने आली. तोही पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं. तरी ‘नाव माझं आहे ना’ हे पालुपद सुटत नाही.

वारशाचा इतिहास जास्त कडवट आहे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मुभा दिली, पण लग्न करताच, जणू ती बाई वारलीच असं धरून, पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपवला. ज्या जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेने पुन्हा लग्न करायची, चाल आधीपासून होती, तिथेही हक्क जायचा का? अलाहाबाद हायकोर्ट नाही म्हणालं, मुंबई हायकोर्ट हो. ज्या बायकांना त्या कायद्याची गरजच नव्हती, त्यांनाही त्याचा दंड बसला.

१९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला पूर्ण मालकी दिली. मृत्युपत्र नसेल तर विधवा, दोन्ही लग्नांची मुलं आणि आई यांना समान वाटा. मात्र पहिली बायको हयात असून घटस्फोट झालेला नसेल, तर दुसरं लग्नच रद्दबातल: मुंबई प्रांतात १९४६ पासून, देशभर १९५५ पासून. ती बाई वारस नाही, तिची मुलं आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत बापाच्या वाट्याला येणाऱ्या हिश्शातही, असा निकाल २०२३ मध्ये आला.

सावत्र नात्याला कायदा फारसा ओळखत नाही. विधवेला मिळालेला नवऱ्याचा वाटा तिच्या मागे तिच्या पोटच्या मुलांकडे जातो, मग ती पहिल्या लग्नाची का असेनात. तिला मूलच नसेल, तरच तो नवऱ्याच्या वारसांकडे परततो.